फुलं भरपूर, शेंगा नाहीत : सड्यावरच्या कंदीलपुष्पांसाठी काय करता येईल?

सडेवाट
कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका सड्याबद्दल (कातळाच्या पठाराबद्दल) विचारतोय. नाव मुद्दाम देत नाही, कुणी अंदाजानेही लिहू नये ही विनंती. कातळाच्या कडेला करवंदीच्या जाळ्यांत हामण (सेरोपेजिया हिर्सुटा) चांगल्या संख्येत आहे. तिच्याच आसपास कंदीलपुष्पाची दुसरी एक दुर्मीळ जात आहे, जेमतेम वीस-पंचवीस रोपं, तीही विखुरलेली. दोन्हींना जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत फुलं येतात. हामणीला शेंगा धरतात, दुर्मीळ जातीला जवळजवळ नाहीत. गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती मदतीला तयार आहे. आधी काय तपासायचं? हाताने परागण करावं का? आणि बी मिळालंच तर पुढे काय?

कंदमूळे
हातपरागणावर थेट उडी नको. आधी अडलंय कुठे ते बघा. ते झडलेल्या फुलांतूनच कळतं, ताजं फूल तोडावं लागत नाही.

पहिली गोष्ट अपेक्षेची. कंदीलपुष्पं रुईच्या कुळातली, आणि या कुळात शेंग धरण्याचं प्रमाण मुळातच कमी असतं. शंभर फुलांमागे एक ते पाच शेंगा हे बऱ्याच जातींत नेहमीचं आहे. वीस रोपांवर मिळून शंभर फुलं आली आणि दोन शेंगा दिसल्या, तर त्यात बिघाड असेलच असं नाही. सलग दोन-तीन हंगाम शून्य असेल तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

आता तपासणी. रोपाखाली जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पसरा. न फळलेलं फूल देठासकट गळून त्यात पडतं. रोज सकाळी ती फुलं गोळा करून ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका, रोपाचा क्रमांक पेन्सिलीने कागदावर लिहून तो कागद आतच टाका (बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते). मग फुगीर बूड ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली धरा. मधल्या खांबाभोवती परागाच्या पाच जोड्या असतात. प्रत्येक जोडीत दोन पिवळे, मेणचट कण आणि त्यांना धरणारी बारीक तपकिरी चिमटी. या कणांना पॉलिनिया म्हणतात (एकाला पॉलिनियम). रुईकुळात सुटी परागधूळ नसतेच, जे काही जातं ते या गठ्ठ्यांनीच.

पाचही जोड्या जागेवर असतील आणि आत एकही चिलट नसेल, तर परागवाहकच येत नाही. जोड्या गेलेल्या आहेत, पण खांबावरच्या उभ्या फटींत एकही पॉलिनियम अडकलेलं नाही, असं सगळ्या फुलांत दिसलं, तर चिलटं येतात आणि माल घेऊन जातात, पण जवळ दुसरं फूल उघडं नाही. फटीत पॉलिनियम आहे आणि तरी फूल गळलंय, तर पराग बहुधा त्याच रोपाचा किंवा शेजारच्या जातीचा आहे. शेंग धरून बोटभर झाल्यावर वाळत असेल, तर परागणाचा प्रश्नच नाही. तिथे पाणी, अळी किंवा कंदाची ताकद बघायची. चार कारणांचे चार वेगळे उपाय आहेत, म्हणून हा खटाटोप.

मधुपाल_भुदरगड
सड्याच्या पायथ्याला सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर? आमच्या तालुक्यात पाटगाव मधाचं गाव झालंय, पेट्या आणि माणसं दोन्ही मिळतील.

चिलटनोंद
मधुपाल दादा, तयारीबद्दल आभार, पण या झाडाला मधमाशीचा उपयोग नाही. फुलाची नळी इतकी अरुंद असते की सातेरी आत शिरूच शकत नाही. इथे काम करतात ती एक ते तीन मिलिमीटरची चिलटं. आपल्या डोळ्यांसमोर घोंघावतात त्या क्लोरोपिडी कुळातल्या, शिवाय मिलिचिडी आणि सेराटोपोगोनिडी या कुळांतल्याही.

फुलाच्या टोकाला पाकळ्या जुळून कंदिलासारखी जाळी होते. वासाने आलेलं चिलट त्या खिडक्यांतून आत येतं आणि गुळगुळीत कडेवरून नळीत घसरतं. नळीत खाली वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे उतरता येतं, चढता येत नाही. बुडाशी मधल्या खांबाच्या पायथ्याला थोडा मध असतो. तो चाटताना चिलटाची सोंड खांबावरच्या उभ्या फटीत शिरते, ती वर ओढताना चिमटी सोंडेला बसते. साधारण दिवसभरात किंवा थोडं जास्त वेळाने केस मरगळतात, फूल आडवं होतं आणि चिलट पॉलिनियाची जोडी घेऊन बाहेर पडतं. दुसऱ्या फुलात अडकलं की त्यातला एक कण फटीत राहतो. म्हणजे एकाच चिलटाने दोनदा फसणं आवश्यक आहे. दुसरं रोप दोनशे मीटरवर असेल तर हे घडण्याची शक्यता फार कमी.

फसवणुकीची तऱ्हा जातीगणिक बदलते. दक्षिण आफ्रिकेच्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या अंगाला येणाऱ्या वासाची ती नक्कल करते, कारण तिची चिलटं अशा जखमी माशीच्या अंगातला रस चोरून पितात. आपल्या सह्याद्रीतल्या जातींनी तोच वास निवडलाय असं गृहीत धरू नका. पण धडा कामाचा आहे. चिलट फुलावर जगत नाही. कोळी, मेलेले किडे, शेण, कुजता पाला, ओलसर सावली हे सगळं शाबूत असेल तरच ते तिथे असतं. "सड्याची साफसफाई" म्हणून जाळ्या तोडून पाला गोळा करण्याचे उपक्रम होतात, त्यांना माझा ठाम विरोध आहे. प्लास्टिक उचला, पाला राहू द्या.

पेट्यांबद्दल अजून एक. सोनकी, कवला, तेरडा यांना माश्या हव्यात हे खरं, पण तिथे आग्या, सातेरी, फुलोरी आणि एकट्या राहणाऱ्या रानमाश्या आधीच असतात. छोट्या सड्यावर बाहेरून पन्नास पेट्या आणल्या तर याच रानमाश्यांचं खाणं कमी होतं. मेलिफेरा (पेटीत पाळतात ती विदेशी मधमाशी) तर सड्यावर नकोच.

मधुपाल_भुदरगड
पटलं. पेट्या खाली शेतांकडेच ठेवू. पायथ्याच्या उसावर फवारणी होते, त्याचा चिलटांवर परिणाम होत असेल का?

चिलटनोंद
वाऱ्याची दिशा सड्याकडे असेल तर होतोच. संध्याकाळी वारा पडल्यावर फवारणी आणि सड्याच्या कडेचे दोन-चार सरे न फवारता सोडणं, एवढं शेतकऱ्यांकडून मान्य करून घेता आलं तरी पुष्कळ.

सडेवाट
झडलेली फुलं तपासली. बहुतेकांत दोन-तीन जोड्या गेलेल्या आहेत, काहींत चिलटंही आहेत, पण फटींत पॉलिनियम सापडलं नाही.

कंदमूळे
म्हणजे दुसरं कारण. चिलटं आहेत, जोडीदार लांब आहे. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी, कारण यावर हातपरागण हा तात्पुरता आणि रोपांचा घोळका दाट करणं हा कायमचा उपाय आहे.

पुंकेसर_ताई
हातपरागण सविस्तर लिहिते, कारण यात घाईने फुलं वाया जातात.

साहित्य: सोनाराचं दहा पटीचं भिंग (कोल्हापूरच्या सराफी गुजरीत मिळतं, डोक्याला लावायचं मिळालं तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात), घड्याळजीचा अणकुचीदार चिमटा, कीटक टाचायची सर्वांत बारीक पिन काडीच्या टोकाला बसवून, नवं ब्लेड मधोमध मोडून, रंगीत रेशमी दोरा, मायक्रोपोर पट्टी. चिमटा आणि पिन प्रत्येक रोपानंतर अल्कोहोलने पुसायची.

वेळ: फूल उघडल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, पावसाची उघडीप असताना. केस मरगळून फूल आडवं झालं असेल तर ते सोडा.

परागदाता फूल दुसऱ्या रोपाचं, शक्य तितक्या लांबचं. तीस मीटरच्या आतली रोपं कधीकधी एकाच जुन्या शेंगेतून पडलेली भावंडं असतात. फूल डबीत ओल्या कापसाशेजारी ठेवून आणा, कापूस फुलाला टेकू देऊ नका. बूड उभं चिरा, भिंत उघडा, पिनेचं टोक फटीत खाली घालून वर ओढा. चिमटी पिनेला अडकून जोडी अलगद बाहेर येते. ओढून तोडायचं नाही, जोडी चिरडली की संपलं. मग चिमट्याने दोन्ही कण वेगळे करा. दोन कणांत दोन फटी भरता येतात.

ज्या फुलाला द्यायचं त्याची नळी कापू नका. बुडाच्या जमिनीकडच्या बाजूला तीन कडांवर छेद देऊन छोटी खिडकी करा, चौथी कड जोडलेली राहू द्या. नळी वर छत्रीचं काम करते, खिडकी खाली असल्याने पाणी साचत नाही. कणाची एक कड काचेसारखी पारदर्शक दिसते, परागनळ्या तिथूनच फुटतात. ती कड आतल्या बाजूला ठेवून फटीच्या खालच्या रुंद तोंडातून कण आत घाला आणि थोडा वर सरकवा. तो दोन्ही कडांच्या मागे गेला पाहिजे. बाहेरून अर्धा दिसत असेल तर बसलेला नाही, आणि उलटा बसला तर नळ्या बाहेरच्या बाजूला फुटून वाया जातात. निम्म्याहून जास्त अपयश इथेच येतं असं मी सांगेन. एका फुलात एकमेकींपासून लांबच्या दोन फटी भरा. फुलात बीजकोश दोन असतात आणि सगळ्या फटी एकाच कोशाकडे जात नाहीत. खिडकीचं झाकण मिटवून पट्टीची चिंधी लावा, देठाला दोरा बांधा.

जमलं असेल तर आठवडाभरात पाकळ्या वाळतात पण देठ हिरवा राहतो आणि टोकाशी दोन बारीक शिंगं दिसू लागतात.

एका रोपावर दोन किंवा तीनच शेंगा धरू द्या. लहान कंदावर जास्त शेंगा लादल्या तर पुढच्या वर्षी ते रोप फुलावर येत नाही, कधी उगवतही नाही. आणि एकूण फुलांपैकी दोन-तृतीयांश चिलटांसाठी सोडा.

पठारपाहुणा
ताई, एकाच रोपाचं परागण केलं तर बी अजिबात धरत नाही का? आणि पराग साठवता येतो का? इथे दोन रोपं कधी एकाच वेळी फुलतच नाहीत.

पुंकेसर_ताई
रुईकुळात बऱ्याच जातींत स्वतःचा पराग चालत नाही. काहींत शेंग धरते पण बी कमी आणि रोपं कमजोर. दुर्मीळ जातीत तो मार्ग शेवटचा समजा. साठवण: काढलेल्या जोड्या जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये, ती कॅप्सूल सिलिका जेलच्या बाटलीत आणि बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दोन-चार दिवस निर्धास्त चालतं. कॅप्सूलवर रोपाचा क्रमांक आणि तारीख लिहाच.

शेजारी हामण आहे, तिचा पराग चुकूनही लावू नका. कंदीलपुष्पांच्या जातींत संकर होऊ शकतो. संकराची रोपं बागेत सुंदर दिसतील, पण ती सड्यावर लावली तर मूळ जात कायमची गढूळ होईल.

रोपवाटिका_राधानगरी
बियांचं मी लिहितो. शेंगा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतात. हिरवेपणा जाऊन तपकिरी झाक आली की नायलॉनच्या जाळीची पिशवी बांधा, नाहीतर शेंग उकलली की झुबकेदार म्हाताऱ्या एका दुपारी उडून जातात. पिशवी कापडी नको, आत दव साचून बुरशी येते.

सगळं बी न्यायचं नाही. त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या २० टक्क्यांहून जास्त उचलू नये हा बीजसंकलनाचा जगभर मानलेला नियम आहे. हातपरागणातून धरलेल्या शेंगा ही जादाची भर आहे, त्यातलं निम्मं न्या, निम्मं तिथेच करवंदीच्या पायाशी हाताने टाका.

झुबका काढून बी सावलीत आठवडाभर वाळवा. काही भाग लगेच पेरा, काही सिलिका जेलसह हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये. सगळं एकदम पेरणं म्हणजे एका बुरशीत सगळं घालवणं.

मिश्रण: जाड नदीची वाळू दोन भाग, चाळलेली जांभ्याची बारीक खडी एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग. शेणखत नको, कंद कुजतो. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी बुरशी) मिसळा, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात भिजवलं तरी चालतं. बी आडवं ठेवून वर दोन-तीन मिलिमीटर वाळू. ५० टक्के शेडनेट. ताजं बी एक-दोन आठवड्यांत उगवतं. रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडलं तर पाणी जास्त झालंय. त्या कुंडीचं पाणी थांबवा आणि ती बाकीच्यांपासून लांब न्या.

पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू बंद करा आणि कुंडी मे अखेरपर्यंत कोरड्या सावलीत ठेवा. लोक इथे चुकतात. रोप वाळलं म्हणून पाणी घालत राहतात आणि झोपलेला कंद कुजवतात. बोटाने उकरून कंद टणक लागतो का एवढं बघा. कुंडीवर जाळी हवी, उंदीर कंद फस्त करतात. पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीच्या धारेखाली कुंडी उघडी ठेवू नका, वर प्लास्टिकचं छत हवं. कोल्हापूर शहरात एवढी गरज पडत नाही.

मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या दोन दिवसांत वेल निष्पर्ण करतात. त्यांना मारू नका, उचलून रुईवर सोडा, तेही त्यांचं खाद्यच आहे.

पठारपाहुणा
एवढ्यापेक्षा टिश्यू कल्चर सोपं नाही का? एका तुकड्यातून शेकडो रोपं.

कंदमूळे
शेकडो रोपं खरी, पण सगळी एकच. एका रोपाच्या शंभर नकला सड्यावर लावल्या आणि त्या जातीत स्वतःचा पराग चालत नसेल, तर शंभर कंदील फुलतील आणि शेंग एकही धरणार नाही. पाचच रोपं उरलेल्या जातीसाठी ती विम्याची सोय आहे, तेही पाचही रोपांपासून वेगवेगळी रोपं करून, क्रमांक सांभाळून. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचा संग्रह आहे. जात नक्की करून घ्यायला आणि सल्ल्याला आधी तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. फोटोत जाळीची टोकं, नळीच्या आतले केस आणि बुडातला खांब वेगवेगळा दिसला पाहिजे.

गवताळ
वणव्याचं कुणीच बोललं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे सडे पेटवतात, नवं गवत चांगलं फुटतं म्हणून. कंद जमिनीखाली असतो, त्याला काय होतंय?

चिलटनोंद
खोल कंद हलक्या आगीत वाचतो, ते खरं. पण वर पडलेलं बी जळतं, पाला जळतो, पाल्यातले कोळी आणि चिलटांच्या अळ्या जळतात, आणि करवंदीची जाळी जळाली की वेलाला चढायला आधार उरत नाही. कोवळं रोप तर पहिल्या वर्षी दोन-तीन सेंटिमीटरवरच कंद धरतं, ते भाजून निघतं.

गवताळ
मग चराईही बंद करायची का?

चिलटनोंद
नाही, आणि इथे मी अनेक संरक्षणवाल्यांशी असहमत आहे. जाळी मारून गुरं पूर्ण बंद केली की दोन-तीन वर्षांत गवत कमरेएवढं वाढतं आणि आभाळी, सीतेची आसवं, दवबिंदू अशा बुटक्या झाडांना ऊन मिळत नाही. कंदीलपुष्पाचा घोळका असलेला दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा जुलै ते ऑक्टोबर काट्यांच्या फांद्यांनी वळवा, बाकी सड्यावर गुरं चरू द्या. जाळपट्टे तेवढ्या तुकड्याभोवती डिसेंबरमध्येच गवत कापून काढा. आधीच्या पिढ्यांत गुराखी पोरं कंद खणून खायची, आता तेवढं होत नाही. आज कंदांना धोका रानडुकरं, साळिंदर आणि फोटोसाठी गुडघे टेकणाऱ्यांचा आहे. बॉक्साइटसाठी कातळ उचलला गेला तर मग बोलण्यासारखं काही उरतच नाही, दुर्गमानवाडकडे ते दिसतं.

हबेनारिया
विषय थोडा सोडून: याच सड्यांवरच्या पांढऱ्या हबेनारियांचा (जमिनीत वाढणाऱ्या ऑर्किडांचा) मध लांब शेपटीसारख्या नळीत असतो आणि तो बऱ्याचदा रात्री लांब सोंडेच्या पतंगांनाच पोचतो. सड्याजवळ हॉटेलचा हॅलोजन लागला तर पतंग दिव्याभोवती फिरत राहतात. दिवे खाली वळवणं, पिवळे ठेवणं आणि दहानंतर बंद करणं, इतकं तरी ग्रामपंचायतीकडून करून घ्या.

रोपवाटिका_राधानगरी
पुनर्लागवडीचं लिहून टाकतो. किमान दोन पावसाळे कुंडीत काढलेला, सुपारीएवढा तरी कंद न्या. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, कोंब फुटण्याच्या बेतात असताना. जागा: कातळाच्या कडेची १० ते १५ सेंटिमीटर माती, पाणी न साचणारी, करवंदीच्या उत्तरेच्या अंगाला. कंद पाच-सहा सेंटिमीटर खोल, वर मूठभर खडी, भोवती दगडांचा गच्च घेर म्हणजे डुक्कर उकरणार नाही. दहा-बारा रोपांचा घोळका, आपसांत एक ते दोन मीटर अंतर, आणि शेजारच्या रोपांचे आईबाप वेगवेगळे. जुन्या रोपांच्या मधल्या रिकाम्या जागा आधी भरा, नव्या सड्यावर नंतर. ज्या सड्याचं बी, त्याच सड्यावर रोप.

कंदमूळे
परवानगीचं विसरू नका. जागा राधानगरी अभयारण्यात किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येत असेल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बी उचलायलाही वनविभागाची लेखी परवानगी लागते. राखीव वनातही तेच. गावाच्या जमिनीवर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या समितीचा ठराव घ्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत जात नोंदवा. नोंदवही इतरांच्याही हाती पडू शकते, म्हणून त्यात गट क्रमांक किंवा अक्षांश-रेखांश लिहू नका. फोनमधल्या फोटोंचं लोकेशनही बंद ठेवा.

सडेवाट
शेवटची शंका. रोपांना क्रमांक कसे द्यायचे? प्लास्टिकच्या पट्ट्या एका पावसाळ्यात उडतात आणि लांबून दिसतातही.

पुंकेसर_ताई
अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा बोटभर तुकडा, खिळ्याने क्रमांक कोरलेला, रोपाच्या उत्तरेला एक वीत अंतरावर दगडाखाली. पत्र्याला भोक पाडून तारेने दगडालाच बांधा. वहीत त्या दगडापासून रोपापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. नोव्हेंबरनंतर वर काहीच दिसत नाही, तेव्हा त्या अंतरावरच कंद शोधावा लागतो. आणि कंद उगवला नाही म्हणून लगेच "मेला" लिहू नका. एक पावसाळा झोपून राहिलेले कंद पुढच्या वर्षी वर येतात, त्यामुळे दोन हंगाम थांबूनच नोंद कापा.

सडेवाट
या पावसाळ्यात दोरा बांधलेल्या फुलांच्या नोंदी इथेच टाकतो, फटीत बसलेल्या कणांच्या फोटोंसकट. कण उलटा बसलाय का ते ताईंनी तपासावं.